टूरवर पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? नवा टायर घेण्याआधी या क्रमाने तपासा

थोडं डांबर, थोडी खडी, मध्येच मुरूम आणि मागच्या कॅरियरवर दोन भरलेल्या बॅगा. अशा टूरवर जाणाऱ्या सायकली मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. येणारा प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : "टायर बेकार निघाला, आता कुठला घेऊ?" टायर बदलावा लागतोच असं नाही, आणि लागला तरी कुठला घ्यायचा ते पंक्चरचं कारण कळल्याशिवाय ठरत नाही. कारण न शोधता सगळ्यांत जाड टायर आणून बसवला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पंक्चर थांबत नाही, आणि वर चढाला सायकल जड लागते ती वेगळीच.

लक्षणं

यातलं काही ओळखीचं वाटत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पंक्चर नेहमी एकाच चाकाचं होतं, बहुतेक वेळा मागच्या.
- पंक्चर काढून निघालात आणि दहा-पंधरा किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसलं.
- रात्री मुक्कामाला हवा टणक होती, सकाळी बघता तर टायर जमिनीला टेकलेला.
- खड्ड्यात किंवा फरशीच्या कडेवर चाक आपटलं आणि लगेच हवा गेली.
- खडीवर पुढचं चाक दगडादगडावरून उडतं, हँडल हातात राहत नाही.
- वळणावर किंवा उतारावर सायकल मागून डुलते.
- टायरच्या बाजूला धागे दिसू लागलेत किंवा एका जागी फुगा आलाय.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीच्या तपासण्यांसाठी थांबू नका. फुगा आलेला टायर म्हणजे आतला कापडी सांगाडा तुटलेला टायर. तो कधीही फुटतो, आणि पुढच्या चाकाला असेल तर तुम्हाला पाडतो. तो आधी उतरवा.

पहिली तपासणी : भोक नेमकं कुठे आहे

याला काही खर्च नाही, आणि अर्ध्याहून जास्त उत्तर इथेच मिळतं. तरीही सगळ्यांत जास्त वेळा टाळली जाते ती हीच तपासणी, कारण रस्त्याच्या कडेला उन्हात प्रत्येकाला घाई असते. ट्यूब ओढून काढली, नवी घातली, निघाले. जुनी ट्यूब बॅगेत गेली आणि तिच्याबरोबर पुरावाही गेला.

एक सवय लावून घ्या. टायर बसवताना टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा. मग ट्यूबमध्ये भोक सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरवरची तीच जागा लगेच सापडते. ट्यूब काढताना तिची साखळीकडची बाजू कोणती ते बॉलपेनने लिहून ठेवा, नाहीतर डावं-उजवं उलटून जातं.

भोक बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला, एकच आणि बारीक असेल तर काटा, काच किंवा तार.

दोन चिरा समोरासमोर, साधारण रिमच्या रुंदीइतक्या अंतरावर असतील तर त्याला स्नेकबाइट म्हणतात. चाक आपटलं तेव्हा टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांवर चिमटली. इथे काटा नव्हताच, त्यामुळे काटेरोधक टायर घेऊन उपयोग नाही. हवा कमी होती, टायर अरुंद होता किंवा वजन जास्त होतं.

भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर टायर निर्दोष आहे. रिम टेप सरकलीय किंवा एखाद्या आऱ्याचं टोक वर आलंय. ट्यूबच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवून बघा. ठरावीक अंतरावर आठ-नऊ मिलिमीटरचे गोल उठाव लागत असतील तर ते रिममधल्या आऱ्यांच्या भोकांचे ठसे आहेत. ट्यूब रोज त्या भोकांत थोडी थोडी फुगून उतरत होती, आणि फाटली ती अशाच एका ठशाच्या कडेवर.

भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर तिथे पॅच धरत नाही, ट्यूब टाकूनच द्यावी लागते. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. छोट्या पंपाने हवा भरताना व्हॉल्व्ह हलत राहिला तरी तेच होतं. एका हाताने व्हॉल्व्ह आणि पंपाचं तोंड घट्ट धरून मगच पंप मारा.

लांब चीर असेल तर बहुधा बसवताना ट्यूब टायरच्या कडेखाली अडकली होती, किंवा टायरची बाजूच फाटली आहे.

दुसरी तपासणी : व्हॉल्व्ह

रात्रीतून हवा जाते, पण पाण्यात बुडवून भोक सापडत नाही, तेव्हा व्हॉल्व्ह बघा. तोंडावर थोडी थुंकी किंवा साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा येतो. बारीक, लांबट प्रेस्टा व्हॉल्व्हमधला गाभा हाताने फिरवून घट्ट होतोय का तेही बघा. साध्या सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक व्हॉल्व्ह ट्यूब असते, ती उन्हाने चिकट होते किंवा चिरते. चिमूटभर वस्तू आहे, पण तिच्यासाठी लोक अख्खी ट्यूब बदलतात.

तिसरी तपासणी : हवा

अंगठ्याने टायर दाबून हवा मोजता येत नाही. कडक बाजूच्या टूरिंग टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असो की ५५, अंगठ्याला दोन्ही सारखेच लागतात. गेज असलेला पंप किंवा वेगळं छोटं गेज घ्या आणि नेहमी तेच वापरा. दोन गेजचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण एकच गेज कायम वापरलं तर तुमचा आकडा तुम्हाला सापडतो.

सायकल, सामान आणि तुम्ही मिळून साधारण १०० किलो होत असतील, तर ४० मिलिमीटर टायरला मागे ५० ते ५५ आणि पुढे ४० ते ४५ पीएसआय इथून सुरुवात करा. ३५ मिलिमीटरला मागे ६० ते ६५ लागेल. ५० मिलिमीटरच्या आसपासचा टायर असेल तर मागे ४०-४५ भरपूर होतं. पूर्ण दिवस खडी-मुरमाचा असेल तर यातून पाचेक कमी करा. टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो, काहींवर किमानही असतो. त्या मर्यादेबाहेर जाऊ नका. कमाल म्हणजे योग्य, असा समज मात्र डोक्यातून काढून टाका. कमाल हवा भरलेला टायर खडीवर दगडावरून उडतो, पकड सोडतो आणि टोकदार दगडाने लवकर कापला जातो, कारण त्याला दबून दगड पोटात घेता येत नाही.

मागे जास्त हवा का? कारण बॅगा मागच्या कॅरियरवर असल्या की एकूण वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग मागच्या चाकावर येतो. मागचंच चाक पुन्हा पुन्हा पंक्चर होण्याचं हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे आडवा पडलेला काटा किंवा तार पुढचं चाक उभी करतं आणि मागचं त्यावर चढतं.

दुपारी सायकल उन्हात उभी राहिली की हवेचा दाब वाढतो, म्हणून काहीजण घाबरून हवा सोडतात. तापमान वीस अंशांनी वाढलं तर ५० पीएसआयच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयचीच भर पडते. तेवढ्यासाठी हवा सोडायची गरज नाही. सोडलीत तर संध्याकाळी गारव्यात ती कमी पडते आणि पहिल्याच खड्ड्यात स्नेकबाइट होतो.

पेट्रोल पंपावर हवा भरणार असाल तर प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. सायकलच्या टायरात हवा मावते किती, तर अगदी थोडी. कारच्या नळीने ती क्षणात भरते. त्यामुळे थोडं थोडं दाबून भरा, आणि शक्य असेल तर नळी स्वतःच्या हातात घ्या.

चौथी तपासणी : टायरच्या आत

पंक्चर काढून दहा किलोमीटरवर पुन्हा झालं, तर पहिल्या पंक्चरचा गुन्हेगार अजून टायरमध्येच बसलेला आहे. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे तार. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या स्टीलच्या तारा तुटून महामार्गाच्या साइडपट्टीवर पसरतात. तीन-चार मिलिमीटर लांब, केसापेक्षा जराशी जाड. टायर आतून नुसता बघितला तर ती दिसतच नाही. तिचं टोक रबरात लपलेलं असतं आणि टायर जमिनीवर दबला की तेवढ्यापुरतं आत येतं.

म्हणून कापसाचा बोळा किंवा जुना बनियन घेऊन टायरच्या आतून दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे थांबा, टायर त्या जागी उलटा वाकवा, मग टोक वर येतं. चिमट्याने ओढा. नखाने काढायला जाल तर तुटून अर्धी आत राहील. बोटंही फिरवा, पण बोळ्यानंतर, आणि सावकाश, कारण काच असू शकते.

देशावर, विशेषतः सोलापूर, नगर आणि मराठवाड्याच्या बाजूला, वेडी बाभूळ आणि सराटा हे दोघं मुख्य. बाभळीचा काटा लांब असतो आणि टायरमध्ये मोडून राहतो. बाहेरचं टोक गेलं म्हणजे काटा गेला असं नाही. सराटा दोन-तीन एकदम टोचतो, त्यामुळे एक भोक सापडलं तरी ट्यूब पूर्ण गोल तपासा. कोकणात बाभळीचा त्रास कमी, पण वस्तीजवळ कुंपणाची छाटणी झाली असेल तर काटे रस्त्यावर येतातच.

पाचवी तपासणी : रिम टेप, ट्यूब आणि पॅच

भोक आतल्या अंगाला होतं तर रिम टेप काढून बघा. ती रिमच्या आतल्या रुंदीला बेताची हवी : आऱ्यांची सगळी भोकं झाकणारी, पण टायरची कड जिथे बसते तिथे न चढणारी. सैल रबरी पट्टी गरम होऊन बाजूला सरकते. कापडी चिकट टेप स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं टिकते. आऱ्याचं टोक वर आलेलं दिसलं तर कानशीने घासून सपाट करा, मगच टेप लावा.

ट्यूबवरचा आकडा टायरशी जुळतो का तेही बघा. २८ ते ३२ ची ट्यूब ४० च्या टायरात मावते, पण ताणून पातळ होते आणि बारीक काट्यानेही जाते.

पॅच सुटत असेल तर सोल्युशन ओलं असतानाच तो लावला गेलाय. आधी ट्यूब घासपेपरने घासून चमक घालवा. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या गोलात लावा आणि वरची ओली चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, हात लावू नका. मग पॅच बसवून जोरात दाबा. ही पाच मिनिटं वाचवली की रात्री हवा गेलीच म्हणून समजा. घाटाच्या लांब उतारावर रिम ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम इतकी तापते की नवा पॅचही ढिला होतो. वरंध किंवा कुंभार्ली उतरताना ब्रेक दाबा-सोडा असे वापरा, आणि मध्ये थांबून रिम थंड होऊ द्या.

सहावी तपासणी : टायर अजून चालण्यासारखा आहे का

मधला भाग सपाट होऊन चौकोनी दिसतोय, रबराखालची संरक्षक पट्टी डोकावतेय, किंवा बाजूच्या भेगांतून धागे दिसतायत, तर टायरचं काम संपलं. नुसते बारीक काप असतील तर हवा काढून प्रत्येक काप उघडून बघा. आत खडा रुतलेला असेल तर काढा, नाहीतर तो रोज थोडा थोडा आत जातो.

बाजूला एकाच उंचीवर गोल घासलेली रेघ असेल तर ब्रेकचा पॅड टायरला लागतोय. पॅड खाली घ्या. हे न बघता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाईल.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो. एकच नवा घेणार असाल तर नवा पुढे बसवा आणि पुढचा चांगला मागे आणा. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, सावरता येतं. पुढचा फुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

सातवी तपासणी : टायर चुकीचा आहे का

इथवर सगळं ठीक असेल आणि तरीही त्रास चालू असेल, तर टायर तुमच्या रस्त्याला जुळत नाही. खर्च इथे सुरू होतो, म्हणून ही तपासणी इतक्या उशिरा.

सगळ्यांत आधी माप. टायरवर ३७-६२२ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो त्या गोलाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. ७०० सी आणि २९ इंच दोन्ही ६२२, २७.५ म्हणजे ५८४, माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९. पण २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, तो २६ असूनही बसणार नाही. आणि तालुक्याच्या दुकानात "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणालात तर हातात बहुधा ६३५ चा येईल, आपल्या काळ्या साध्या सायकलचा. परदेशी टायरवर २८ छापलेलं असतं तेव्हा मात्र तो ६२२ असतो. इंच विसरा, मिलिमीटर वाचा.

ट्यूबचंही असंच. ६३५ ची ट्यूब ६२२ च्या टायरात अडीअडचणीला चालते, पण तिचा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टासाठी पाडलेल्या बारीक भोकातून जात नाही. तुमच्या रिमला प्रेस्टाचं भोक असेल तर गावात मिळेल त्यावर भरवसा ठेवू नका, दोन ट्यूब जवळ ठेवा.

आता रुंदी. मिश्र रस्त्यासाठी माझं ठाम मत आहे की नक्षीपेक्षा रुंदी महत्त्वाची. २८ मिलिमीटरचा उत्तम टायर भरलेल्या बॅगांसकट खडीवर तुमची आणि रिमची परीक्षा बघतो. ३७-४० मिलिमीटरचा साधा टायर तेच काम निवांत करतो, कारण कमी हवेतही रिम जमिनीपासून लांब राहते. डांबरावर त्याने फार हळू व्हायला होतं ही भीती लोकांना वाटते त्याच्या पावपटही खरी नाही. उखडलेला, खडखडीत झालेला डांबरी रस्ता असेल तर रुंद टायरवरच दिवस सोपा जातो, कारण दर झटक्याला सामानासकट सायकल वर उचलली जात नाही. बहुतेक डांबर आणि मध्ये थोडी खडी असेल तर ३५ ते ४०, अर्धं-अर्धं असेल तर ४० ते ४५, आणि कच्चा रस्ता जास्त असेल तर ४७ ते ५०.

पण फ्रेममध्ये जागा हवी. टायर आणि फ्रेम, फोर्क, मडगार्ड यांच्यात सगळीकडून निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्याच्या आगेमागे जाणार असाल तर तेवढंही पुरत नाही. ती माती टायरला लिंपली जाते आणि मडगार्डमध्ये इतकी बसते की चाक फिरायचं थांबतं. तिथे मडगार्ड काढून जाणं बरं. रिमही बघा : टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते सव्वादोनपट असावी. फार अरुंद रिमवर फार रुंद टायर बसवला की वळणावर तो बाजूला झुकतो. लक्षणांमधलं मागून डुलणं कधी कधी हेच असतं.

नक्षीबद्दल. ओल्या डांबरावर सायकलच्या टायरला पाणी कापायला नक्षी लागत नाही. सायकलचा वेग आणि टायरची गोलाई अशी असते की तो पाण्यावर तरंगतच नाही. म्हणून मध्ये गुळगुळीत किंवा बारीक नक्षी आणि कडांना छोटे दाते, हा मिश्र रस्त्याचा सगळ्यांत उपयोगी प्रकार. मध्यभागी रबराचे उंच गोटे असलेला टायर डांबरावर गुणगुणतो, लवकर झिजतो आणि वळणावर गोटे वाकून पकड जाते. सुक्या सैल मुरमात कडेचे दाते खरंच मदत करतात. लाल चिखलात मात्र बारीक दाते दोन मिनिटांत भरून जातात. तिथे उतरून चालणंच बरं.

मग संरक्षण. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये नक्षीखाली पाच मिलिमीटर जाडीची लवचिक रबरी पट्टी असते, त्यामुळे काटा ट्यूबपर्यंत सहसा पोचत नाही. बाभळीच्या मुलखात, सोलापूर-धाराशिव-बीडच्या बाजूला लांब टूर असेल तर ते वजन सार्थकी लागतं. पण कोकणात मी तो सहसा सुचवत नाही. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी मार्गाने जाताना काट्यांपेक्षा दगड त्रास देतात, आणि बाणकोट, दाभोळ, जयगड अशी प्रत्येक खाडी आली की उतार आणि चढ येतोच, मध्ये दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडसारखी फेरीबोट. त्या आखूड, उभ्या चढांवर जड टायर दिवसभर जाणवतो. तिथे साधी मध्यम संरक्षक पट्टी, ४० ची रुंदी आणि बळकट बाजू यांची निवड करा.

दगडही सारखे नसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभा खडबडीत असला तरी मऊ असतो, चाकांखाली त्याच्या कडा मोडतात. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची यंत्रात फोडलेली खडी मात्र ताजी असताना धारदार असते. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात, खडी टाकलीय पण रोलर फिरलेला नाही अशा जागी, टायरची बाजू कापली जाते. संरक्षक पट्टी फक्त मधल्या भागाखाली असते, ती बाजूला वाचवत नाही. अशा पट्ट्यात उतरा आणि सायकल हाताने न्या. बाजू मजबूत असलेला टायर घ्यायचा झाला तर टायरच्या माहितीत बाजूच्या संरक्षणाचा वेगळा उल्लेख आहे का ते बघा. नुसता टीपीआयचा (एका इंचात किती धागे) आकडा मोठा म्हणजे मजबूत असं नाही. मोठा आकडा म्हणजे बारीक धागे आणि मऊ टायर, तो आरामदायक असतो, पण काप सहन करण्यात कमी पडू शकतो.

ट्यूबलेस? बारीक काट्यांवर ते उत्तम काम करतं. पण आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं, आणि मोठा काप पडला तर शेवटी ट्यूबच घालावी लागते. ती घालण्याआधी टायरमधले काटे काढायचं विसरू नका. सीलंटने गप्प बसवलेले कितीतरी काटे आत तसेच असतात आणि नव्या ट्यूबची ते लगेच वाट लावतात.

नवा टायर घेतला की सामान लादून पस्तीस-चाळीस किलोमीटर फिरून या, निम्मं कच्च्यावर. नुसती रिकामी सायकल सोसायटीच्या आवारात फिरवून काही कळत नाही.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे न्या

- रिमला तडा आहे, किंवा आऱ्याच्या मुळाशी धातू उचललेला दिसतोय.
- रिम ब्रेकमुळे रिमची बाजू आत खोलगट झालीय, किंवा झीज दाखवणारी खाच पुसली गेलीय. अशी रिम हवेच्या दाबाने फुटू शकते.
- चाक आउट आहे, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलतं, आणि आरे तुटलेत किंवा एकाच बाजूचे सैल आहेत. एखादा आरा घट्ट करणं जमतं, पण भरलेल्या सायकलच्या मागच्या चाकाचा आउट काढणं हे ताण समजणाऱ्याच्या हातचं काम आहे.
- टायर रिमवर एकसारखा बसत नाही. रिमजवळची बारीक रेघ कुठे वर, कुठे खाली दिसते आणि हवा सोडून पुन्हा भरूनही सरळ होत नाही. टायरच्या कडेतली तार तुटलेली असू शकते.
- रिम कार्बनची आहे, किंवा हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारा आत वळलेला ओठ तिच्या कडेला नाही. हुकलेस रिमवर तिच्याशी जुळणारे ट्यूबलेस टायरच चालतात आणि ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते. इथे अंदाजाने काही करू नका.
- टायरची बाजू फाटलीय आणि भोकातून ट्यूब डोकावतेय. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून जवळच्या गावापर्यंत, सावकाश आणि कमी हवेत जाता येतं. त्यापुढे नाही.

मेकॅनिककडे जाताना पंक्चर झालेली ट्यूब बरोबर न्या, भोकाभोवती बॉलपेनने गोल केलेली आणि साखळीकडची बाजू लिहिलेली. किती हवा ठेवत होता, किती सामान होतं आणि पंक्चर डांबरावर झालं की खडीवर, एवढं सांगितलंत तर चांगला मेकॅनिक चाकाला हात लावण्याआधीच काय बघायचं ते ठरवतो.